मध्यरात्रीला दोन मिनिटं कमी



मागच्या डिसेंबरात आम्ही चार मित्र मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळला मुक्कामाला होतो. कडाक्याची थंडी, शेकोटी, आणि रेंज नसल्यामुळे फोनमध्ये डाउनलोड केलेली तेवढीच गाणी. बाराच्या सुमारास एकाने मुद्दाम आयर्न मेडनचं 'टू मिनिट्स टू मिडनाइट' लावलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका शेजारीच बसले होते. थोडं ऐकून म्हणाले, "एवढं कशावर चिडलेत रे हे?"

मी म्हटलं, अणुबॉम्बवर. काका म्हणाले, "अणू म्हणजे आपलं तारापूरच की!" खरंय. पालघर जिल्ह्यात अणू म्हटलं की १९६९ पासून वीज देणारं तारापूरच आठवणार. पुढचं मला धड सांगता आलं नाही. ते आज सांगतो.

गाण्याच्या नावात एक घड्याळ आहे. अमेरिकेतल्या अणुशास्त्रज्ञांच्या 'बुलेटिन'ने १९४७ साली ते मुखपृष्ठावर छापलं. मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. हे घड्याळ आपोआप चालत नाही; धोका बघून माणसं त्याचा काटा हलवतात. सुरुवातीला बाराला सात मिनिटं कमी होती. मग १९५२ मध्ये अमेरिकेने आणि १९५३ मध्ये सोव्हिएत रशियाने हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या केल्या आणि काटा दोन मिनिटांवर आला. तीच ही 'दोन मिनिटं'.

गाणं आलं १९८४ मध्ये, 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममध्ये. लिहिलं एड्रियन स्मिथ आणि ब्रूस डिकिन्सन यांनी. तेव्हा शीतयुद्ध पुन्हा तापलं होतं, काटा तीन मिनिटांवर होता. गाण्याचा राग नुसत्या बॉम्बवर नाही, युद्धातून पैसा करणाऱ्यांवर आहे. गंमत म्हणजे चाल इतकी झकास आहे की आपण मान हलवत राहतो आणि शब्द निसटतात.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलातून सुरू केला. बँडचं विमान खुद्द डिकिन्सन चालवायचा. त्या रात्री हे गाणंही वाजलं.

पण मुंबईत ते वाजण्याच्या दहा वर्षं आधीच आपण त्या घड्याळात शिरलो होतो. शीतयुद्ध संपल्यावर, १९९१ मध्ये, काटा सतरा मिनिटांपर्यंत मागे गेला होता. मे १९९८ मध्ये पोखरणला आपण चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. तेव्हा चौदावर असलेला काटा नऊवर आला. बड्या देशांनी आपली अस्त्रं पुरेशी कमी केली नाहीत, हेही कारण होतंच. त्या चाचण्यांनंतरच्या उन्मादावर मुंबईच्या आनंद पटवर्धनांनी 'जंग और अमन' हा माहितीपट केला. सेन्सॉरने कात्री मागितली, तेव्हा त्यांना मुंबई उच्च न्यायालयात भांडावं लागलं. इंग्रजी गाण्यावर मान हलवणं त्यामानाने फारच सोपं.

हे मी कोणाकडे बोट दाखवून बोलत नाहीये. आमच्या घरच्या अल्बममध्ये त्या मे महिन्यातला एक फोटो आहे. बाबांच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, कडेवर मी, वर्षभराचा. बाबा मनापासून हसताहेत. त्या आनंदाला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो फोटो बघताना आता तो काटाही दिसतो.

जानेवारी २०२५ मध्ये काटा ८९ सेकंदांवर आणला गेला. म्हणजे गाण्यातली दोन मिनिटंसुद्धा आता उरलेली नाहीत.

पुन्हा सूर्यमाळला गेलो की काकांना सांगेन: गाणं परक्यांचं आहे, पण घड्याळ आपलंही आहे. काट्याला आपलाही हात लागलाय.