जिरह, गोधडी आणि हित्तीनचा उन्हाळा

मध्ययुगीन इतिहास म्हटला की आपल्याकडे आधी तलवार आठवते. कुणाची तलवार, किती लांबीची, ती आज कुठल्या देशात आहे, यावर आपल्याकडे सभा होतात, मोर्चेही निघतात. त्या तलवारीचा घाव झेलायला समोरच्याने अंगात काय घातले होते, ते कुणी बनवले, ते घालून माणूस चालत कसा होता, असे प्रश्न मात्र फारसे कुणी विचारत नाही. चिलखत हा आपल्या इतिहासलेखनात एका ओळीचा विषय. 'अंगात चिलखत, डोईस जिरेटोप' एवढे लिहिले की इतिहासकार पुढच्या मोहिमेवर निघतो.

खरे तर या शब्दांपाशीच थोडे थांबायला हवे. जिरेटोपातले 'जिरे' फोडणीतले नव्हे. ते फारसी 'जिरह', म्हणजे लोखंडी कड्यांची विणलेली जाळी. 'बख्तर'ही फारसीच. आणि सांगली-सातारा-कोल्हापूर भागात आमच्या समाजात ठायी ठायी भेटणारे 'शिकलगार' हे आडनाव म्हणजे 'सैकलगर', शस्त्रांचा गंज उतरवून त्यांना चकाकी देणारा. राजांची नावे बखरीत राहिली, या माणसांची नावे आडनावांत राहिली.

युरोप-अमेरिकेत गेल्या साठेक वर्षांत एक हौस वाढली आहे. जुनी लढाई पुन्हा लढून पाहायची. नाटकासारखी नव्हे, तर त्या काळासारखे चिलखत स्वतः बनवून किंवा बनवून घेऊन, ते अंगावर चढवून, खरोखर टोले देऊन-घेऊन. याला ते रीएनॅक्टमेंट म्हणतात. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेली अशी एक संस्था वेताच्या सोट्यांनी लढते. पोलंडमध्ये १९९८ पासून ग्रुनवाल्डची १४१० ची लढाई पुन्हा लढली जाऊ लागली. (त्या मूळ लढाईत लिथुआनियाच्या बाजूने तोख्तामिश खानाचा मुलगा जलालुद्दीन याचे तातार स्वार होते, हे आपल्याकडे कुणाच्या कानावर नसते.) २०१० साली युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स' भरली. तिथे शस्त्रे पोलादी, पण धार बोथट. भोसकायला बंदी. लढणाऱ्याचे दोन पायांखेरीज तिसरे काही जमिनीला टेकले की तो बाद. चिलखत मात्र कुठल्या तरी खऱ्या जुन्या नमुन्यावर बेतलेले हवे. मनाने रचलेले चालत नाही.

आम्हाला या हौसेतला लढाईचा भाग फारसा मोहात पाडत नाही. मोहात पाडतो तो बनवण्याचा भाग.

गुडघ्यापर्यंतच्या एका जिरहला साधारण वीस ते तीस हजार कड्या लागतात. आधी तार एका सळईवर गच्च गुंडाळायची. स्प्रिंगसारखे वेटोळे तयार झाले की ते एका रेषेत कापून सुट्या कड्या करायच्या. प्रत्येक कडीची टोके एकमेकांवर चढवायची, भट्टीत तापवून लोखंड मऊ करायचे, हातोडीने तो जोड चपटा करायचा, त्याला बारीक भोक पाडायचे. मग ती उघडी कडी चार शेजारच्या कड्यांतून ओवून घ्यायची आणि त्या भोकात इवलासा रिव्हेट बसवून ठोकायचा. एक झाली. दिवसाला हजार कड्या बसवल्या तरी महिना सहज सरतो, आणि काखेत, खांद्यावर, कोपरात कड्या वाढवणे-कमी करणे हे स्वेटर विणणाऱ्या बाईलाच कळावे असे काम आहे. घाई असणारे रिव्हेट न ठोकता नुसती टोके जुळवतात. तसली जाळी फोटोत छान दिसते. जोराचा वार बसला की कडी तोंड उघडते.

कडीचे माप चुकले तर सगळेच चुकते. मोठी असेल तर बाणाचे टोक आत शिरते, बारीक असेल तर वजन पेलवत नाही. कुराणातल्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्यांना चिलखते बनवताना कड्यांचे माप नीट राखायला सांगितले आहे. लहानपणापासून आपण हे ऐकत आलो, पण हा उल्लेख एका कारागिराला दिलेल्या सूचनेसारखा आहे हे जिरह बनवणाऱ्याचे काम पाहिल्यावरच ध्यानात येते.

आज जगभरचे हौशी लोक ही जाळी विकत घेतात, तेव्हा तिच्यावर अनेकदा 'भारतात बनलेली' असा शिक्का असतो. देहराडूनचा विंडलास हा कारखाना १९४३ मध्ये लष्करासाठी खुकऱ्या बनवत सुरू झाला. पुढे त्याच्या तलवारी आणि चिलखते परदेशी सिनेमांत आणि हौशी लोकांच्या घरांत पोचली. उत्तर भारतातल्या लहान-मोठ्या कारखान्यांत तयार झालेली जिरह घालून तिकडे कुणी रिचर्ड होतो, कुणी टेंप्लर. ज्याच्या हातांनी रिव्हेट ठोकले तो मात्र, पूर्वीसारखाच, कुणी होत नाही.

आता या जाळीखालचा भाग. नुसती जिरह अंगावर घातली तर तलवार कापत नाही, पण हाड मोडते. म्हणून खाली जाड कपडा लागतो. युरोपीय त्याला गॅम्बेसन किंवा ॲकेटन म्हणत. ॲकेटन हा शब्द अरबी 'अल-कुत्न' वरून आला, म्हणजे कापूस. तागाच्या कापडाचे थरावर थर, किंवा मध्ये कापूस भरून उभ्या ओळींनी दिलेले टाके. आमच्या भाषेत सांगायचे तर बाह्या लावलेली गोधडी! आपल्याकडच्या एखाद्या पिंजाऱ्याने आणि वाकळ शिवणाऱ्या आजीने मिळून सरदाराचा जीव वाचवावा, असा हा प्रकार.

या गोधडीची किंमत शत्रूलाही कळत होती. ११९१ साली किनाऱ्याने अर्सूफकडे निघालेल्या फिरंगी पायदळावर सलाहुद्दीनचे तिरंदाज बाणांचा वर्षाव करत होते. बहाउद्दीन इब्न शद्दाद तिथे हजर होता. पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले शिपाई रांग न मोडता चालत राहिलेले आपण पाहिले, असे तो लिहितो. जाड नमद्याने आणि जिरहने बाण अडवले होते, अंगात शिरू दिले नव्हते. अशा जाळीवर आणि गादीवर आजचे हौशी बाण मारून पाहतात, तेव्हा त्याचे लिहिणे अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि कारागिरीला सरहद्द नव्हती. शैझरचा उसामा इब्न मुनकिझ (१०९५–११८८) आपल्या आठवणींत स्वतःच्या 'कझाघंद'चे वर्णन करतो. वरून साधा अंगरखा दिसावा, पण आत जिरह शिवलेली असावी, असे हे चिलखत. उसामाच्या कझाघंदात खालपर्यंत पोचणारी एक जिरह होती, तिच्यावर कमरेपर्यंतची दुसरी, आणि सोबत नमदा, जाडेभरडे रेशीम, सशाची लोकर. त्यातली लांब जिरह चक्क फिरंगी बनावटीची होती! ज्यांच्याशी आयुष्यभर लढला त्यांनीच बनवलेले लोखंड हा मुसलमान सरदार छातीशी बाळगून होता. ११७६ मध्ये अझाझच्या वेढ्यात हशाशिन मारेकऱ्यांनी सलाहुद्दीनवर सुऱ्यांनी हल्ला केला, तेव्हा त्याला वाचवले ते डोक्यावरच्या लपवलेल्या लोखंडाने आणि अंगातल्या अशाच कपड्याने. मराठी वाचकाला इथे १६५९ चा प्रतापगड आठवेल. शिवाजी महाराजांच्या अंगरख्याआडचे चिलखत आणि मंदिलाखालचा लोखंडी टोप ही याच जुन्या शहाणपणाची गोष्ट आहे. मोठी माणसे भेटीला जाताना गोधडी आणि जाळी विसरत नसत.

म्हणूनच 'इकडचे हलके आणि चपळ, तिकडचे लोखंडात कोंडलेले' ही शाळेच्या पुस्तकातली विभागणी आम्हाला पटत नाही. बाराव्या शतकात दोन्हीकडच्या सरदारांची जाळी तीच होती, गोधडी तीच होती. फरक पडला तो पाण्याचा.

याचा सर्वांत मोठा दाखला हित्तीनचा. ३ जुलै ११८७ रोजी जेरुसलेमचा फिरंगी राजा गी सफ्फूरियाचे भरपूर पाण्याचे झरे सोडून तबरियाकडे निघाला. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. सैन्य वीस हजारांच्या घरात, त्यात बाराशे सरदार लोखंडात. सलाहुद्दीनच्या स्वारांनी दिवसभर मागून लचके तोडले. संध्याकाळी सैन्य कोरड्या माळावर अडकले. तबरियाचे सरोवर पुढे, पण वाट बंद. सलाहुद्दीनच्या तळावर उंटांवरून पाण्याच्या पखाली येत होत्या. फिरंग्यांच्या तळावर थेंब नव्हता. त्यात सलाहुद्दीनच्या लोकांनी सुकलेल्या गवताला आग लावली आणि धूर तहानलेल्यांच्या घशात गेला. ४ जुलैला दुपारनंतर सारे संपले. पकडलेल्या राजापुढे सलाहुद्दीनने बर्फ घातलेले पाणी ठेवले. त्या पेल्याचे वर्णन उदारपणाचे उदाहरण म्हणून सगळे करतात. आम्हाला त्यात युद्धाचा निकालच दिसतो.

२०१० नंतरच्या दशकात इस्रायलमधले हौशी लोक, त्यांत पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेल्यांचा भरणा मोठा, जुलैमध्ये याच वाटेने गॅम्बेसन आणि जिरह घालून चालत असत. शेवटी टेकडीपाशी बोथट शस्त्रांनी लढाई. जिरहचे दहा-बारा किलो वजन खांद्यावर आणि कमरपट्ट्यावर विभागले जाते, ते सोसते. सोसत नाही ती गोधडी. घाम तिच्यात मुरतो, वारा आत येत नाही, आणि वरचे लोखंड तव्यासारखे तापते. म्हणून तर क्रुसेडर आणि अरब दोघेही चिलखतावर सुती झगा घालत. नकाशावर बोट ठेवून 'गी राजाने मूर्खपणा केला' म्हणणे सोपे आहे. तो मूर्खपणा नेमका किती लिटर घामाचा होता, हे चालणाऱ्याला कळते.

यावर शास्त्रीय प्रयोगही झाला आहे. पंधराव्या शतकातल्या पत्र्याच्या पूर्ण चिलखतांच्या नकला घालून इंग्लंडमधल्या रॉयल आर्मरीजच्या चार अनुभवी लढवय्यांना धावपट्टीवर चालवले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालायला लागणारी शक्ती दुपटीहून वाढली होती, धावताना जवळपास दुप्पट. पायांवरचा पत्रा सर्वांत महाग पडला, कारण तो प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. छाती आवळल्यामुळे श्वास खोल न जाता उथळ आणि वारंवार होत होता. हे चिलखत हित्तीनच्या जाळीहून वेगळे आणि तीनशे वर्षांनी नंतरचे आहे, हे विसरता कामा नये. तरीही लोखंड घातलेला माणूस थकतो कसा, याचे उत्तर पहिल्यांदा बखरीबाहेरून मिळाले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचे १५८१ सालचे पोलादी छातीकवच काचेआड आहे. त्यावरची कोरीव अक्षरे दिसतात, पण खांद्यावर त्याचा भार कसा पडे हे काच सांगत नाही. उगाच कुणी ते घालून पाहावे असे आमचे म्हणणे नाही! पण त्याची एक प्रामाणिक नक्कल आपल्याच कारागिरांकडून करून घेऊन ती घालून चालून पाहण्याचे आपल्या एखाद्या विद्यापीठाने मनावर घेतले, तर आपल्याला मोगलांबद्दल दहा भाषणांपेक्षा अधिक कळेल.

मात्र या खेळाला जे कळत नाही तेही सांगितले पाहिजे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बी गावाबाहेर १३६१ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजाने स्थानिक शेतकऱ्यांची फौज कापून काढली. मेलेल्यांना उन्हात घाईघाईने, काहींना अंगातल्या चिलखतासह, मोठ्या खड्ड्यांत पुरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खड्डे उकरले तेव्हा अकराशेहून अधिक सांगाडे निघाले. त्यांत म्हातारी माणसे होती, पोरेही होती. आज जगभरचे हौशी लोक ज्या नमुन्यांवरून पत्र्याचे कोट आणि जाळीच्या टोप्या शिवतात, त्यांतले कितीतरी नमुने याच खड्ड्यांतून आलेले आहेत. या सांगाड्यांवर घाव कुठे आहेत? कितीतरी घाव गुडघ्याखाली, नडग्यांवर, जिथे जिरह पोचत नाही. आणि आजच्या खेळाचे नियम पाहा. बर्कलीच्या संस्थेत गुडघ्याखाली मारायला सक्त बंदी. पोलादी शस्त्रांच्या सामन्यांत गुडघ्यामागे आणि पावलांवर मारायला बंदी. बंदी योग्यच आहे, कुणी लुळे व्हावे असे कोण म्हणेल? पण ज्यांच्या अंगावरून चिलखताचा नमुना उचलला, त्यांतले कितीजण ज्या वाराने पडले तोच वार खेळातून वगळलेला आहे.

हित्तीनबाबत वगळलेली गोष्ट निराळी आहे. त्या टेकडीच्या पायथ्याशी हित्तीन नावाचे, सुमारे बाराशे वस्तीचे पॅलेस्टिनी गाव होते. जैतुनाची झाडे, मशीद, शाळा, सगळे होते. जुलै १९४८ मध्ये ते रिकामे झाले आणि तिथले लोक परत येऊ शकले नाहीत. मशिदीचे भग्न अवशेष उरले आहेत. दर जुलैत जिरह घालून चालणारी मंडळी ११८७ मधल्या तहानेचा एकेक तास मोजत होती. त्यांच्या बाराव्या शतकाच्या नकाशात झरे होते, छावण्या होत्या, बाणांनी लादलेले सलाहुद्दीनचे उंट होते. ज्यांच्या गावावरून लढाईला नाव पडले, त्या हित्तीनच्या लोकांचा जुलै त्या नकाशात नव्हता.