गाडीचा जन्म कधीचा?

मंडळी, सुरुवातीला एक काम करा. साठी ओलांडलेल्यांपैकी ज्यांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मी सभा! आमचीही 1 जूनच. 1 जून 1951. एवढी बाळे एकाच दिवशी जन्मली नव्हती हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना बाप म्हणायचा, "असेल सहा वर्षांचा", आणि गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे.

आईचा हिशेब वेगळा होता. ती म्हणायची, शेजारच्या काकूंचा मुलगा तान्ह्या पोळ्याचा आणि तू त्याच्याहून आठ दिवसांनी लहान. कोतवाल बुकात आमची नोंद नाही, पण त्या शेजाऱ्याची आहे. नक्कल काढली तर त्यावर 2 सप्टेंबर 1951 निघाली. पंचांग पाहिले, तर त्या वर्षी श्रावणी अमावास्या 1 सप्टेंबरला, म्हणजे तान्हा पोळा बरोबर 2 तारखेला. आई लिहायला शिकली नव्हती, पण तिची तारीख टिकली. आमचा जन्म 10 सप्टेंबरच्या आसपासचा, आणि नोकरीतून बाहेर पडलो ते मात्र दाखल्याप्रमाणे 31 मे रोजी. चार महिन्यांचा पगार गेला, असो.

आता हे आज सांगण्याचे कारण. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याचा फोन आला, "मामा, एक जुनी डॅटसन 240झेड घेतोय. विकणारा म्हणतो 1970 ची आहे, कागदावर 1971 आहे. 1970 ची असेल तर बरेच पैसे जास्त मोजावे लागतील. तुम्ही तर्कशास्त्र शिकवलं, तुम्हीच सांगा." मोटारीतले आम्हाला काय कळणार? पण प्रश्न मोटारीचा कमी आणि पुराव्याचा जास्त होता.

ही निस्सानची गाडी. ऑक्टोबर 1969 मध्ये ती जपानात फेअरलेडी झेड म्हणून आली आणि परदेशात डॅटसन 240झेड म्हणून गेली. अमेरिकेसाठीच्या गाड्यांना चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते, तिच्यावर बनल्याचा महिना आणि वर्ष. तो झाला जन्मदाखला. भाच्याच्या गाडीला रंगकाम झालेले आणि पट्टी गायब!

विकणाऱ्याचे म्हणणे असे की, कागदावरचे वर्ष विक्रीचे आहे, बनल्याचे नव्हे. हे अगदीच चूक नाही. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांच्या कागदांवर विक्रीचेच वर्ष चढले आहे. आपल्या शकुंतलेचेच घ्या. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला बनले 1921 मध्ये, कामावर रुजू झाले 1923 मध्ये आणि सुटले 15 एप्रिल 1994 ला. त्याचे वय कुठून मोजाल?

मग त्याने पुरावा दिला सीटच्या पट्ट्याचा. पट्ट्यावरच्या चिठ्ठीत तारीख होती नोव्हेंबर 1970. म्हणाला, बघा, 1970! इथे आम्ही भाच्याला थांबवले. पट्टा नोव्हेंबरचा असेल तर एवढेच कळते की तो बसवलेली गाडी नोव्हेंबरच्या आधी तयार झालेली नाही. पुढे कितीही नंतरची असू शकते. शकुंतलेच्या वाटेवर लिव्हरपूलचा, 1895 चा छाप असलेले सिग्नल होते असे वर्तमानपत्रांत आले आहे. रूळ मात्र विसाव्या शतकातले. सिग्नलच्या छापावरून गाडी 1895 पासून धावत होती असे म्हणाल काय?

दुसरा पुरावा मागच्या दाराचा. सुरुवातीच्या 240झेडला मागच्या, वर उघडणाऱ्या दारावर हवा बाहेर जाण्यासाठी दोन आडव्या जाळ्या असत. 1971 च्या सुरुवातीला त्या गेल्या आणि हवेची वाट मागच्या खिडकीलगतच्या खांबात, झेड अक्षराच्या गोल बिल्ल्याखाली आली. या गाडीच्या दाराला जाळ्या होत्या, आणि खांबावर गोल बिल्लाही होता. विकणारा म्हणे बिल्ला कोणीतरी हौसेने लावला असेल. आम्ही म्हटले, दारसुद्धा कोणीतरी बदलले असेल. (थीसिअसच्या जहाजाची गोष्ट वर्गात आयुष्यभर सांगितली, सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का, वगैरे. इथे तिचा काही उपयोग नव्हता. कोणती फळी बदलता येते आणि कोणती नाही, एवढेच पाहायचे होते.) दार बोल्टांनी बसते, दुपारभरात निघते. खांब हा सांगाड्याचाच भाग. तेव्हा बिल्ला काढ आणि खाली बघ.

भाच्याने काढला. खाली कारखान्यातलेच भोक होते.

तरी 1971 मधला महिना राहिलाच होता. चेसिस नंबर इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो, तो शाबूत होता. भाच्याने त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे नंबर असलेल्या गाड्यांचे मालक शोधले. त्यांच्या पट्ट्या जागेवर होत्या, आणि दोन्हीकडे मार्च 1971. नंबर नेहमी बनण्याच्या क्रमानेच पडतात असे नाही, पण दोन्ही शेजारी एकच महिना सांगतात म्हटल्यावर फार दूर जायचे कारण उरत नाही. आम्हाला ते ऐकून आई आठवली. शेजारच्या काकूंचा मुलगा, दुसरे काय!

जपानात विकलेल्या गाड्यांचे आणखी अवघड. त्यांना अशी तारखेची पट्टी नसते, आणि कागदावर असतो तो पहिल्या नोंदणीचा महिना, तोही सम्राटाच्या शकात. शोवा 44 म्हणजे 1969. शोवाच्या आकड्यात 1925 मिळवायचे. आपण शालिवाहन शकात 78 मिळवतो तसेच. आपल्याकडेही 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' ठरते, पण पन्नास वर्षे मोजायची पहिल्या नोंदणीपासून. म्हणजे सरकारी हिशेबात गाडीचीही 1 जूनच चालते.

विकणारा थोडा कुरकुरला. सीटच्या पट्ट्याची चिठ्ठी त्याने पुन्हा दोनदा दाखवली म्हणे. शेवटी भाच्याने गाडी घेतली, 1971 ची म्हणून, 1971 च्या भावात. आणि दाराच्या चौकटीवर नवी पट्टी करून लावायचे मात्र त्याने नाकारले, हे आम्हाला बरे वाटले.