शब्दवेध : सुपरनोव्हा

लॅटिनमध्ये ‘नोव्हा’ म्हणजे नवी. १५७२ च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक अनोळखी तारा झळकला. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातल्या ‘नोव्हा स्टेला’तून, म्हणजे ‘नव्या ताऱ्या’तून, ‘नोव्हा’ रूढ झाला. काही नोव्हा इतरांच्या हजारो पट तेजस्वी असतात, हे ध्यानात आल्यावर वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३० च्या दशकात त्यांना ‘सुपर’ जोडले. मराठीत तो झाला ‘अतिनवतारा’. नाव मात्र फसवे, कारण हा जन्म नसून बहुधा ताऱ्याचा अंत असतो. टायकोच्या ताऱ्याचे अवशेष १९५२ मध्ये रेडिओ दुर्बिणीला सापडले. ते अजूनही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरत आहेत.