चौदा सेंटचा गांधार

लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी भाच्याने एक जुना अरेंजर कीबोर्ड घेतला आणि चार दिवस माझ्याकडे ठेवला. आपल्याकडे अशा कुठल्याही वाद्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. कॅसिओटोन २०१ हा त्या कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० साली आला, आणि नाव सरसकट सगळ्यांना चिकटले.

डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबल्या की ढोलक, गिटार, बेस सगळे सुरू. उजव्या हाताने फक्त चाल वाजवायची. पहिला अर्धा तास मी लहान मुलासारखा खूश होतो. मग मोबाईलवर तानपुरा लावला, गांधारावर बोट ठेवले आणि तो कानाला खुपला. तानपुऱ्याच्या खरजातून एक गांधार आपोआप उमटतो. पट्टीवरचा त्याहून चढा होता.

हे दुखणे पेटीपासूनचे आहे. पट्टीच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, प्रत्येकी १०० सेंटचे. त्यामुळे गांधार ४०० वर येतो. तानपुऱ्यातला सुमारे ३८६ वर असतो. सूर असे ठरलेले आणि मींड तर निघतच नाही, हे पेटीवरचे मुख्य आक्षेप. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली.

पण बंदीच्या तीस वर्षे आधी आपल्याच सांगली-साताऱ्याकडे यावर उपाय शोधला जात होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक १९१० साली आले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या सोबतीला आले आणि बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. या संशोधनात गळा होता मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेब सूर लावत, देवल तो तारेवर मोजत. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवर वाद झाला, आणि मैफलीत ती कधी रुळली नाही.

श्रुतींचा विषय निघाला की पुस्तके आठवतात, पुस्तके लिहिणारे आठवतात. ज्या गळ्यावर ते आकडे तपासले गेले, तो तळटीपेत जातो. गाण्यातल्या आपल्या घराण्यांचे हे नेहमीचेच. विद्या तोंडी होती, म्हणून तिचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहिला.

आज तीच सोय या कीबोर्डच्या मेनूत आहे. अरबी मकामांत पाव सूर लागतात, म्हणून बऱ्याच कीबोर्डमध्ये प्रत्येक सूर वेगळा चढवता-उतरवता येतो. मी गांधार चौदा सेंट उतरवला. खुपणे थांबले. षड्ज दुसऱ्या पट्टीवर नेला, तर सगळे पुन्हा बिघडले. आकडे नव्याने भरावे लागले. मींडेसाठी बाजूचे चाक आहे, पण चाक फिरवताना डावा हात कॉर्डवरून उचलावा लागतो.

चौथ्या दिवशी भाचा न्यायला आला.

“मामू, कुठला नंबर टाकलाय? लिहून द्या ना.”

मी चौदा हा आकडा लिहून दिला. पण आधी त्याला तानपुरा लावून शेजारी बसवले आणि डोळे मिटायला सांगितले. मिरजेच्या दर्ग्यात, जिथे खाँसाहेबांची कबर आहे, तिथल्या उरुसाच्या मैफलीला या वर्षी त्याला घेऊन जाणार आहे.