लीडची लेबले आणि ‘एआय’ सहायक

चौकशी केलेल्या, परंतु व्यवहार न ठरलेल्या ग्राहकाला विक्रीच्या परिभाषेत ‘लीड’ म्हणतात. २०१० मध्ये एस्टोनियात स्थापन झालेल्या ‘पाइपड्राइव्ह’ या कंपनीच्या सीआरएम प्रणालीत अशा प्रत्येक नोंदीला ‘हॉट’, ‘वॉर्म’, ‘कोल्ड’ अशी लेबले लावता येतात. प्रथम कोणाला दूरध्वनी करायचा, हे त्यांवरून ठरविता येते.

विक्रेत्याला पडद्यावर लेबलाचे नाव दिसते. अन्य संगणकप्रणालीला मिळणाऱ्या लीडच्या नोंदीत मात्र त्याऐवजी अक्षरे व अंक मिळून बनलेली लांबलचक ओळखखूण असते. त्यामुळे ‘हॉट लीड दाखव’ असे एआय सहायकाला सांगितल्यास त्याला आधी लेबलांची यादी मागवावी लागते. त्यासाठीचे साधन केवळ वाचन करते, बदल करीत नाही. एकाच विनंतीत सर्व लेबलांची ओळखखूण, नाव आणि रंग हाती येतो. त्यानंतर सहायक त्या खुणांशी लीडची सांगड घालतो.

लेबलांची नावे बदलता येतात, नवीही जोडता येतात. त्यामुळे यादी न पाहता अंदाज बांधणारा सहायक खरेदीस उत्सुक ग्राहकाला मागे टाकू शकतो. शिवाय लेबल हे बहुधा विक्रेत्याचे अनुमान असते. ते वेळोवेळी तपासले नाही, तर अचूक यादीही चुकीच्या ग्राहकाकडे नेते.