उत्तर बरोबर, पण रीत?

शाळेत गणिताच्या पेपरात हे हमखास व्हायचं. उत्तर बरोबर असायचं, तरी बाई मार्क कापायच्या. "रीत कुठाय?" तेव्हा तो निव्वळ अन्याय वाटायचा. परवा प्लाझ्माचा इतिहास वाचताना बाईंची आठवण झाली.

कॉम्प्युटरची चिप कोरताना एका बंद भांड्यात विरळ वायू भरतात आणि दोन पत्र्यांना उलटसुलट दिशेचा वीजदाब देतात. बहुतेक ठिकाणी तो सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा आवर्तन पुरं करतो, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ. उद्योगांसाठी राखून ठेवलेली ही वारंवारता. वायू उजळतो, प्लाझ्मा तयार होतो. वायू आर्गॉन असेल तर त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. आधीच मोकळे असलेले इलेक्ट्रॉन धडकून हे काम करतात. पण त्यांना ही ऊर्जा मिळते कशी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उलटसुलट क्षेत्र मोकळ्या इलेक्ट्रॉनला उजव्या हाताने देतं आणि डाव्या हाताने काढून घेतं. एका फेरीअंती शिल्लक शून्य! शिल्लक उरायला मध्येच ताल चुकावा लागतो. इलेक्ट्रॉन अणूवर आपटला की ताल चुकतो. आर्गॉनचा अणू त्याच्यापेक्षा सुमारे ७३ हजार पट जड, त्यामुळे भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखी दिशा बदलते, ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते. आता क्षेत्राचा पुढचा धक्का परतफेड मागेलच असं नाही. म्हणजे गंमत अशी, की एरवी आपण जिला अडथळा म्हणतो ती टक्करच इथे कमाई करून देते.

पण वायू फारच विरळ केला तर? इलेक्ट्रॉन एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जातो आणि वाटेत अणू क्वचितच भेटतो. तरी प्लाझ्मा विझत नाही. मग ताल कोण चुकवतं?

उत्तराचा धागा आकाशातून आला. १९४९ साली एन्रिको फर्मीने वैश्विक किरणांबद्दल एक कल्पना मांडली. अवकाशात भटकणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांवर कण आपटत राहतात. समोरून येणाऱ्याशी टक्कर झाली की वेग वाढतो, पाठमोऱ्याशी झाली की घटतो. गर्दीच्या रस्त्यावर चालताना समोरून येणारे जास्त भेटतात, तसंच इथेही. म्हणून सरासरीत कमाईच होते.

१९७१ मध्ये सोव्हिएत संशोधक वालेरी गोड्याक यांनी हाच विचार भांड्यातल्या प्लाझ्माला लावला. प्रत्येक पत्र्याजवळ इलेक्ट्रॉन फारसे नसलेला एक थर असतो. त्याला शीथ म्हणतात, म्हणजे म्यान. दर आवर्तनात ही म्यान फुगते आणि आकसते. पुढे येणाऱ्या बॅटवर चेंडू आपटावा तसा इलेक्ट्रॉन तिच्या कडेवरून वेगाने परततो. १९८८ मध्ये बर्कलीच्या मायकेल लिबरमन यांनी शीथचं नीट गणित मांडलं. १९९० मध्ये गोड्याक आणि पीजॅक यांनी अमेरिकेत केलेली मोजमापं छापली. विरळ आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचे दोन गट दिसले. बरेचसे अगदी थंड, एक इलेक्ट्रॉन व्होल्टहूनही कमी ऊर्जेचे, मध्यभागी अडकलेले. थोडे गरम, कडेपर्यंत पोचून तिथे कमाई करणारे. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच मिळतं, हा न्याय तिथेही आहे म्हणायचा!

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रीत तपासणारे निघालेच. त्यांचं म्हणणं असं, की इलेक्ट्रॉनांचा ढग स्वतःही विजेच्या प्रवाहाबरोबर डोलतो. बॅट आणि चेंडू एकाच हेलकावणाऱ्या होडीत असतील तर चेंडूच्या दृष्टीने बॅट हललीच कुठे? ढग सगळीकडे सारखाच दाट धरला, तर ही कमाई चक्क शून्य होते. ती उरते कारण कडेकडे ढग विरळ होत जातो. १९९५ मध्ये माइल्स टर्नर यांनी दुसरंच चित्र पुढे केलं. कडेचा ढग सायकलच्या पंपातल्या हवेसारखा दाबला जातो आणि सैलावतो, आणि त्या चक्रातच ऊर्जा शिल्लक राहते. म्हणजे चेंडू-बॅटची गरजच नाही. पुढेही वाद चालू राहिला. पंचाईत अशी, की दोन्ही रीतींनी येणारे आकडे बरेचदा जवळपास सारखेच असतात.

आकडे जुळतात, चिप कोरल्या जातात. मग चित्र कुठलं खरं याने काय बिघडतं? मलाही आधी असंच वाटलं. पण दाब बदलला, वारंवारता बदलली, नवा वायू आला की जुना आकडा सोबत येत नाही. तिथे रीतच लागते.

बाईंनी कापलेले मार्क आता मी सोडून दिलेत. त्यांचं बरोबर होतं.