शिरपामाळचा तुरा

शिरपेचाचं मूळ पक्ष्याच्या पिसात आहे. मोगल पातशहा पगडीत पीस खोवत. पुढे त्याच्या टोकाला मोती लावले आणि भाराने ते वाकलं. मग सोनारांनी ते वाकलेलं पीसच सोन्यात घडवलं. जुना शिरपेच जवळून पाहिला, तर वरचं टोक एका अंगाला कललेलं दिसतं, त्याला मणी लोंबत असतो. पुढून हिरे-पाचू, आणि कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या मागच्या बाजूला नाजूक मीनाकारी. पगडीला बांधायला दोन्हीकडे रेशमी दोऱ्या.

दागिना मोलाचाच, पण मान त्याहून मोठा. तो कुणीतरी द्यावा लागे. शिरपेच, पोशाख, तलवार देणारा वरचा आणि ते अंगावर चढवणारा त्याचा माणूस, असा दरबारी हिशेब होता.

हा हिशेब शिरपामाळावर वेगळा झाला. जव्हारचे मुकणे हे महादेव कोळी राजघराणं. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली. त्याच घराण्यातला विक्रमशहा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत गाठली, त्या वाटेवर जव्हारजवळच्या या माळावर त्यांचा मुक्काम पडला. विक्रमशहा सामोरा गेला आणि त्याने महाराजांच्या शिरी मानाचा तुरा खोवला, अशी जव्हारची परंपरा सांगते. माळाचं नाव या शिरपेचावरूनच पडलं, असं मानतात. महाराजांचा राज्याभिषेक तेव्हा व्हायचा होता, मोगलांच्या लेखी ते बंडखोर होते. अशा वेळी एका आदिवासी राजाने आपल्या मुलखात केलेला हा सन्मान मला फार मोठा वाटतो.

आग्र्याला १२ मे १६६६ रोजी उलटं घडलं. मोगलांच्या भर दरबारात शाहजादे, वजीर, राजा जसवंतसिंह यांना खिलती, म्हणजे मानाचे पोशाख, मिळाल्या, महाराजांना वगळलं. ते संतापून पाठ फिरवून निघाले. मागाहून पोशाख देऊ केला, तर घालायला त्यांनी साफ नकार दिला. आमेरच्या राजपुतांच्या पत्रांत हे सारं आलं आहे.

जव्हारचा स्नेह मात्र टिकला नाही. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि विक्रमशहाला मुलूख सोडावा लागला.

डोक्यावर काय असावं हे ठरवायचं कुणी, यावरून अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्येही ठिणगी पडली. तिथला खेळाडू ॲलन आयव्हरसन घट्ट वेण्या, डोक्याला फडकं, गळ्यात साखळ्या, ढगळ कपडे अशा थाटात वावरायचा. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या हिपहॉपचा तो पेहराव. ऑक्टोबर २००५ मध्ये एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी नियम लावले: बाकावर किंवा मुलाखतीत डोक्यावर काही नको, कपड्यांवर साखळ्या नकोत. हा रोख आपल्यासारख्या तरुण काळ्या खेळाडूंवर आहे, असं आयव्हरसनसह अनेकांनी उघड सांगितलं. आणि त्यांचं चूक नव्हतं.

पुढे ड्वेन वेड, रसेल वेस्टब्रुक यांच्या पिढीने नियमातूनच वाट काढली. गाडीतून उतरून कपडे बदलायच्या खोलीकडे जाणारा बोळ त्यांनी आपल्या पेहरावाचा मंच केला. छायाचित्रकार सामन्याआधीच तिथे गर्दी करू लागले. केसांबद्दल मात्र २००५ च्या नियमांत एकही कलम नव्हतं. आयव्हरसन पुढची काही वर्षं वेण्या घालूनच खेळला.